युरोपीय मंडळाच्या सामाईक तिजोरीची वांटणी

(१) अनेक स्वतंत्र राज्यांनीं एक तिजोरी सामाईक केली म्हणजे तींत कोणीं किती घालावें आणि तींतून कोणीं किती घ्यावें, हे दोन प्रश्न लगेच उभे राहतात. अर्थशास्त्रज्ञाचें उत्तर सरळ असतें : ज्याची ऐपत मोठी त्याची पट्टी मोठी, आणि ज्या कामांत सर्वांचें हित त्या कामावर खर्च. मुत्सद्द्याचें उत्तर निराळें असतें : ज्याच्या सहीवांचून कागद पुरा होत नाहीं त्याचें समाधान आधीं, हिशेब मागाहून. या दोन उत्तरांची ओढाताण, दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपांत जीं राज्यें एकत्र आलीं त्यांच्या जमाखर्चांत फार स्वच्छ दिसते. त्या जमाखर्चाच्या मुख्य कागदांचा विचार आम्हीं या लेखांत योजिला आहे. जुने कागद हाताळणाऱ्या वाचकांस या कामाची रीत परकी वाटूं नये. वांटणीची यादी पुढें आली म्हणजे हा आंकडा कोणत्या गणितानें निघाला एवढेंच आपण विचारीत नाहीं. कोणतें भांडण मिटविण्यासाठीं तो घातला गेला, हेंही विचारतों. तीच रीत येथें लावावयाची आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, या अंदाजपत्रकांतील ठळक आंकडे तहाचे आहेत, गणिताचे नव्हेत. सुधारणा करूं म्हणणारानें जेव्हां नुसतें गणित पुढें केलें तेव्हां तो हरला. जेव्हां नुसता तह केला तेव्हां त्या तहाचें ओझें पुढील पिढीच्या माथीं बसलें. आणि ज्या प्रसंगीं गणित व तह हीं दोन्हीं एकाच कागदावर उतरलीं, त्याच प्रसंगीं टिकाऊ सुधारणा झाली.

(२) या मालिकेंतील पहिला कागद म्हणजे १८ एप्रिल १९५१ चा पॅरिसचा करार. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग या सहा राज्यांनीं कोळसा व पोलाद या दोन धंद्यांचा कारभार एका वरिष्ठ मंडळाकडे सोंपविला. या मंडळास कोळशाच्या व पोलादाच्या उत्पादनावर परस्पर कर बसविण्याचा अधिकार मिळाला. कराची मर्यादा उत्पादनाच्या सरासरी किंमतीच्या शेंकडा १ एवढी होती, व ती ओलांडावयाची तर राज्यांच्या मंत्र्यांची दोन-तृतीयांश बहुमतानें संमति लागे. म्हणजे, एका मर्यादेपर्यंत कां होईना, हें मंडळ आपल्या खर्चासाठीं राज्यांच्या दारीं जात नव्हतें. हा करार ५० वर्षांचा होता. २३ जुलै २००२ रोजीं त्याची मुदत संपली. परंतु त्यांतील स्वतंत्र कराचें तत्त्व पुढच्या करारांत उतरलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दोन धंद्यांपुरता जो अधिकार राज्यांनीं दिला, तो सबंध व्यापाराच्या बाबतींत देण्यास तीं धजलीं नाहींत.

(३) दुसरा कागद २५ मार्च १९५७ चा रोमचा करार. यांत याच सहा राज्यांनीं युरोपीय आर्थिक मंडळ स्थापिलें आणि खर्चाची वांटणी शेंकडेवारीनें ठरविली. मौज अशी कीं, एकाच करारांत वांटणीच्या तीन निरनिराळ्या याद्या आहेत. त्या अशा :

सर्वसाधारण खर्च (शेंकडा) — जर्मनी २८, फ्रान्स २८, इटली २८, बेल्जम ७.९, नेदरलंड्स ७.९, लक्झेंबर्ग ०.२.

सामाजिक निधि (शेंकडा) — जर्मनी ३२, फ्रान्स ३२, इटली २०, बेल्जम ८.८, नेदरलंड्स ७, लक्झेंबर्ग ०.२.

समुद्रापलीकडील मुलुखांचा विकासनिधि (दशलक्ष हिशेबी नाणें) — जर्मनी २००, फ्रान्स २००, बेल्जम ७०, नेदरलंड्स ७०, इटली ४०, लक्झेंबर्ग १.२५, एकूण ५८१.२५.

या तिन्ही याद्या ऐपतीच्या एका मापानें निघणें शक्य नाहीं. इटलीचें राष्ट्रीय उत्पन्न त्या काळीं जर्मनीच्या व फ्रान्सच्या मानानें पुष्कळ कमी होतें; तरी पहिल्या यादींत तिघांचा आंकडा एकच आहे. तो ऐपतीचा आंकडा नव्हे, तो मानाचा आंकडा आहे. तीन मोठीं राज्यें एका पंक्तीला बसावयाचीं होतीं, म्हणून त्यांचीं पानें सारखीं वाढलीं. दुसऱ्या यादींत मात्र इटली २० वर उतरली आहे. बेकारांस नवें कसब शिकविणें व कामाच्या जागीं नेऊन वसविणें हा सामाजिक निधीचा उद्देश होता. आणि इटलीच्या दक्षिण भागांतील बेकारी सर्वांस ठाऊक होती. येथें घेणारा कोण हें आधींच दिसत असल्यामुळें मानापेक्षां गरजेकडे पाहिलें गेलें.

या निधीच्या अंदाजपत्रकास मंजुरी देतांना मंत्र्यांचीं मतेंही वर्गणीच्या मानानें मोजावयाचीं, असें त्याच करारांत आहे. जर्मनी ३२, फ्रान्स ३२, इटली २०, बेल्जम ८, नेदरलंड्स ७, लक्झेंबर्ग १. मंजुरीस निदान ६७ मतें हवींत. वर्गणीची यादी व मतांची यादी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे एक बारीक फरक नजरेस येतो. बेल्जमची वर्गणी ८.८ आहे, पण मतें ८. लक्झेंबर्गची वर्गणी ०.२ आहे, पण मत १. बेल्जमच्या अपूर्णांकांतून लक्झेंबर्गचें एक मत पुरें झालें आहे. पैशाचा अपूर्णांक चालतो, सार्वभौम राज्याचा चालत नाहीं, हें या एका ओळींत लिहून ठेविलें आहे.

तिसरी यादी सर्वांत बोलकी आहे. फ्रान्सनें घातले २०० दशलक्ष. आणि त्या ५८१.२५ दशलक्षांपैकीं फ्रान्सच्या ताब्यांतील मुलुखांच्या वांट्यास ५११.२५ दशलक्ष गेले. जर्मनीनेंही २०० च घातले आणि तिच्याकडे वसाहती नसल्यामुळें तिला त्यांतून कांहीं मिळावयाचें नव्हतें. एकंदर कराराच्या तराजूंत पाहिलें तर फ्रान्सच्या संमतीची ही किंमत होती. जर्मन मालास सहा देशांची मोकळी पेठ, आणि फ्रान्सच्या आफ्रिकी मुलुखांस जर्मन पैसा, असा तो सौदा. त्यास अन्याय म्हणावयाचें कारण नाहीं. पण अर्थशास्त्राचें सूत्र म्हणूनही त्याकडे पाहतां येणार नाहीं.

(४) वर्गणी ठरली. खरा खर्च मागून आला. शेतमालाच्या सामाईक धोरणाचीं मुख्य कलमें १४ जानेवारी १९६२ रोजीं ठरलीं. मुदत ३१ डिसेंबर १९६१ ची होती. ती पाळल्याचें दिसावें म्हणून घड्याळ थांबविलें असें मानून वाटाघाट दोन आठवडे पुढें चालविली. या धोरणाची घडण अशी : शेतमालाचा भाव मंत्र्यांनीं ठरवावा, बाहेरचा स्वस्त माल येऊं लागला तर भावांतील तफावतीइतकी पट्टी त्यावर बसवावी, भाव पडूं लागला तर सामाईक निधीनें माल खरेदी करून कोठारांत भरावा, आणि बाहेर विकावयाचा तर तोट्याची भरपाई त्याच निधींतून करावी. यांत भाव ठरविणारे शेतकीमंत्री एक आणि पैसे पुरविणारी तिजोरी दुसरी. जितकें पीक तितका खर्च, अशा या व्यवस्थेंत खर्चास वरची मर्यादा नव्हती. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत सबंध अंदाजपत्रकाचे सुमारें दोन-तृतीयांश पैसे या एका बाबींत जाऊं लागले आणि लोण्याचे व धान्याचे सांठे कोठारांत मावेनासे झाले.

हें होणार हें वेळेवर सांगणारा मनुष्य मंडळाच्या घरांतच होता. सिक्को मान्सहोल्ट या डच आयुक्तानें, ज्यानें हें धोरण स्वतः उभारलें होतें, डिसेंबर १९६८ मध्यें एक योजना मांडली. लहान शेतें एकत्र करावीं, कांहीं जमीन लागवडींतून काढावी, आणि पुढील दशकांत सुमारें ५० लक्ष माणसांनीं शेती सोडावी, असा तिचा आशय. गणित म्हणून ती योजना निर्दोष असेल. परंतु ज्या ५० लक्षांनीं शेती सोडावयाची त्यांच्या संमतीचें कलम तींत नव्हतें. २३ मार्च १९७१ रोजीं ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर शेतकऱ्यांचा प्रचंड जमाव लोटला, दंगल होऊन एक मनुष्य मेला, आणि पुढें योजनेचा फारच थोडा अंश कायद्यांत आला.

(५) नुसत्या तर्कावर भिस्त ठेवून हरण्याचें याहून ठळक उदाहरण १९६५ चें आहे. मंडळाच्या आयोगाचे अध्यक्ष वॉल्टर हालस्टाइन यांनीं त्या वर्षीं तीन गोष्टी एका गांठोड्यांत बांधून पुढें ठेविल्या. शेतकी निधीची कायम तरतूद, ही पहिली. जकात व आयातपट्टी हीं मंडळाचें स्वतःचें उत्पन्न मानावें, ही दुसरी. आणि असा पैसा राष्ट्रांच्या पार्लमेंटांच्या हातून सुटतो म्हणून युरोपीय पार्लमेंटास त्यावर अधिकार द्यावा, ही तिसरी. तर्क बिनतोड होता. पण फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांस पहिलीच गोष्ट हवी होती. तिसरी मुळींच नको होती. ३० जूनच्या रात्रीं मुदत संपली. या वेळीं घड्याळ थांबविलें गेलें नाहीं. फ्रेंच परराष्ट्रमंत्री कूव द मुर्व्हिल यांनीं बैठक मोडली, आणि सुमारें सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली. जानेवारी १९६६ अखेर लक्झेंबर्ग येथें समेट झाला तो असा कीं, एखाद्या राज्याचें फार मोठें हित गुंतलें असेल तेथें एकमत होईपर्यंत चर्चा चालवावी असें फ्रान्सनें बजाविलें, आणि इतरांनीं आपला मतभेद नोंदवून तें चालूं दिलें.

(६) हालस्टाइन यांस जें साधलें नाहीं तें त्यांच्यामागें पांच वर्षांनीं साधलें, कारण त्या वेळीं फ्रान्सलाच त्याची निकड लागली. द गॉल गेले होते, पॉंपिदू आले होते, आणि ब्रिटन दाराशीं उभा होता. नवा भाऊबंद घरांत येण्याआधीं हिशेब कायम करून घ्यावा, हा फ्रान्सचा मनसुबा. डिसेंबर १९६९ च्या हेग येथील परिषदेंत हा क्रम मान्य झाला. २१ एप्रिल १९७० रोजीं निर्णय झाला. आणि ब्रिटनशीं वाटाघाटी जून अखेर सुरू झाल्या. निर्णयानें मंडळास तीन उत्पन्नें मिळालीं : जकात, शेतमालावरील आयातपट्टी, आणि मूल्यवर्धित कराच्या पायाच्या शेंकडा १ पर्यंतचा भाग. वसुली राज्यांनीं करावी आणि वसुलीखर्चाबद्दल जकात व आयातपट्टी यांपैकीं शेंकडा १० आपल्याकडे ठेवावे. हा वसुलीचा हक्क पुढें २००१ त २५, २०१४ त २० आणि २०२१ त पुन्हां २५ झाला. वसूल करण्यास खरोखर किती खर्च येतो याच्याशीं या चढउतारांचा संबंध लावूं गेल्यास लागत नाहीं. मोठीं बंदरें असलेल्या राज्यांची समजूत काढण्याशीं मात्र तो चांगला लागतो. आमच्या वाचकांस वसुलीच्या हक्कांचा इतिहास नवा नाहीं.

(७) १ जानेवारी १९७३ रोजीं ब्रिटन, डेन्मार्क व आयर्लंड आंत आले. ब्रिटनचें अन्न पुष्कळसें समुद्रापलीकडून येई, म्हणून आयातपट्टी मोठी. शेती करणारे थोडे, म्हणून निधींतून परत येणारा पैसा लहान. नियम कोणाविरुद्ध रचलेला नव्हता, पण ज्यांनीं रचला त्यांच्या अंगाच्या मापानें तो बेतला होता. १९७५ त सुरू झालेल्या प्रादेशिक विकास निधींतून ब्रिटनास शेंकडा २८ व इटलीस शेंकडा ४० असा भाग आधींच नेमून दिला. कोणत्या प्रांतांत कोणतें काम करावयाचें हें ठरण्यापूर्वीं राज्यागणिक वांटे ठरले! तथापि निधि लहान, म्हणून ब्रिटनची तक्रार तशीच राहिली.

मार्गारेट थॅचर यांनीं १९७९ पासून ती तक्रार पांच वर्षें लावून धरली. त्यांचें म्हणणें मान्य होण्याचें कारण त्यांचा आवेश एवढेंच नव्हतें. मूल्यवर्धित कराची शेंकडा १ ही मर्यादा शेतकी खर्चानें १९८४ च्या सुमारास गांठली आणि तिजोरी रिकामी झाली. मर्यादा वाढविण्यास प्रत्येक राज्याची सही हवी होती, आणि त्यांत ब्रिटनची सही आली. २५ व २६ जून १९८४ रोजीं फॉंतेनब्लो येथें तह झाला : मर्यादा १.४ व्हावी, ब्रिटनास १९८४ साठीं १,००० दशलक्ष एक्यू (हें मंडळाचें हिशेबी नाणें) ठोक, आणि पुढें मूल्यवर्धित कराची त्याची वर्गणी व त्याची प्राप्ति यांतील तफावतीचे शेंकडा ६६ परत. ही रक्कम इतरांनीं भरावी. पण जर्मनीनें आपल्या वांट्याचे दोन-तृतीयांशच भरावे.

या कलमाचें परीक्षण केलें म्हणजे दोन गोष्टी दिसतात. ज्या आयातपट्टीमुळें ब्रिटन रडत होता ती या हिशेबांत धरलीच नाहीं. कारण जकात व पट्टी हा मंडळाचा स्वतःचा पैसा, कोणा राज्याचा नव्हे, हें तत्त्व राखावयाचें होतें. आणि जर्मनीस जी सूट दिली ती सुटीवरील सूट होती. २००२ पासून जर्मनी, नेदरलंड्स, ऑस्ट्रिया व स्वीडन या चौघांनीं या परताव्यांतील आपल्या वांट्याचा चौथा हिस्साच भरावा असें ठरलें. एका कलमाच्या पोटीं दुसरें, दुसऱ्याच्या पोटीं तिसरें, अशी ही वंशावळ वाढत गेली. तह झाला, शांतता झाली. पण खर्चाचें मूळ दुखणें होतें तेथेंच राहिलें.

(८) गणित आणि तह एकत्र आले ते १९८८ सालीं. ग्रीस १९८१ त आणि स्पेन व पोर्तुगाल १९८६ त आंत आल्यावर गरीब राज्यांची संख्या वाढली, वाढीव १.४ ची मर्यादाही पुरेना. आयोगाचे अध्यक्ष झाक दलोर यांनीं फेब्रुवारी १९८७ मध्यें मसुदा मांडला. जून १९८७ च्या ब्रुसेल्सच्या परिषदेंत तो पुरा मान्य झाला नाहीं, डिसेंबरांत कोपनहेगन येथें अडला, आणि फेब्रुवारी १९८८ मध्यें हेल्मुट कोल यांच्या अध्यक्षतेखालीं ब्रुसेल्स येथें पार पडला.

त्याचीं कलमें पाहण्यासारखीं आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानें चौथें उत्पन्न बसविलें, म्हणजे ऐपतीचें तत्त्व प्रथमच उघडपणें मान्य झालें. गरीब देशांत उत्पन्नाचा मोठा भाग उपभोगांत जातो, म्हणून उपभोगावरील कर त्यांस जड पडतो; तो दोष कमी करण्यासाठीं मूल्यवर्धित कराचा पाया राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ५५ पुढें धरूं नये असें ठरलें. शेतकी खर्चाची वाढ राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीच्या शेंकडा ७४ पर्यंतच व्हावी. एकंदर उत्पन्नास राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा १.२ ही मर्यादा १९९२ साठीं ठरली. हें झालें गणित. मागास प्रांतांसाठींचे निधि १९९३ पर्यंत दुप्पट करावे, हें स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस व आयर्लंड यांच्यासाठीं. ब्रिटनचा परतावा कायम, हें थॅचर यांच्यासाठीं. आणि शेतकी खर्च एकाएकीं तोडूं नये, हें फ्रान्ससाठीं. हा झाला तह. अधिक पैसा देण्यास जर्मनी तयार झाली म्हणून दोहोंचा मेळ बसला. पांच वर्षांचा आराखडा एकदम ठरल्यामुळें दरसालचें भांडणही थांबलें, आणि पुढें सात-सात वर्षांच्या आराखड्यांची वहिवाट पडली.

तथापि या सुधारणेनेंही एक नवें बीं पेरलें. जकातीला राष्ट्रीयत्व नसतें. रॉटरडॅमच्या धक्क्यावर घेतलेली जकात डच माणसाच्या खिशांतून आली कीं ऱ्हाइनकांठच्या जर्मनाच्या, हें कोण सांगणार? परंतु राष्ट्रीय उत्पन्नावरून काढलेली वर्गणी प्रत्येक राज्याच्या अर्थमंत्र्याच्या वहींत त्याच्या नांवावर पडते. हें उत्पन्न पुढें तिजोरींतील सर्वांत मोठी बाब झालें, आणि दिलें किती व आलें किती याची वजाबाकी करण्याची खोड जडली. अर्थशास्त्राच्या दृष्टीनें जी वर्गणी सर्वांत न्याय्य, तीच राजकारणांत सर्वांत बोचरी ठरली.

(९) जुलै २००३ मध्यें बेल्जमचे अर्थशास्त्रज्ञ आंद्रे सापीर यांच्या अध्यक्षतेखालील मंडळीनें आयोगास अहवाल दिला. हें अंदाजपत्रक म्हणजे इतिहासाचा एक अवशेष झालें आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. शेतीवरील खर्च कमी करून तो संशोधनाकडे, शिक्षणाकडे व नव्या राज्यांच्या उभारणीकडे वळवावा, अशी त्यांची सूचना. पण त्याच्या नऊ महिने आधीं, ऑक्टोबर २००२ मध्यें, शिराक व श्रोडर यांच्या समेटावरून शेतकी खर्चाची मर्यादा २०१३ पर्यंत बांधली गेली होती. अहवाल उशीरां आला असें म्हणण्यापेक्षां, अहवालास सही करणाऱ्यांची गरज नव्हती आणि तहास होती, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन मंडळांतून निघून गेला. ज्याच्यासाठीं परताव्याचें कलम घातलें तोच गेला, तेव्हां त्या कलमाची सारी संतति नाहींशी करण्याची संधि आली होती. जुलै २०२० त १७ तारखेपासून २१ च्या पहाटेपर्यंत २७ राज्यांचे प्रमुख ब्रुसेल्स येथें बसले. सात वर्षांसाठीं १,०७४.३ अब्ज यूरोंचा आराखडा आणि महामारीच्या संकटासाठीं ७५० अब्ज यूरोंचें सामाईक कर्ज त्यांनीं ठरविलें. एवढें मोठें सामाईक कर्ज ही खरोखर नवी गोष्ट होती. त्याची फेड २०५८ पर्यंत करावयाची आहे. आयोगानें या कर्जांतून ५०० अब्जांचीं अनुदानें सुचविलीं होतीं. काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या राज्यांनीं तीं ३९० वर आणलीं. आणि सहीच्या बदल्यांत जर्मनी, नेदरलंड्स, स्वीडन, ऑस्ट्रिया व डेन्मार्क या पांचांस दरसाल ठोक सूट मिळाली : अनुक्रमें ३,६७१, १,९२१, १,०६९, ५६५ व ३७७ दशलक्ष यूरो. मूळ पुरुष गेला, वंश राहिला.

(१०) या सर्व कागदांवरून कांहीं अनुमान काढावयाचें तर तें असें. सामाईक तिजोरीची सुधारणा करणारानें प्रथम प्रत्येक आंकडा कोणाच्या सहीची किंमत म्हणून पडला, हें शोधावें. ती गरज अद्याप जिवंत असेल, तर तिला दुसरें काय देतां येईल याची सोय आधीं करावी. गरज मेली असेल, तर ती मेल्याचें सर्वांसमक्ष दाखवून द्यावें, नाहींतर कलम हक्क होऊन बसतें. हालस्टाइन आणि मान्सहोल्ट यांचें गणित चुकलें नव्हतें. त्यांच्या कागदावर दुसऱ्या पक्षाचें कलम नव्हतें. फॉंतेनब्लोचा तह खोटा नव्हता. त्यास अखेरची तारीख नव्हती. दलोर यांच्या कागदांत दोन्ही पक्ष होते व मुदतही होती, म्हणून तो टिकला.

सापीर यांनीं अवशेष हा शब्द दोष म्हणून योजिला. अवशेषांचाच व्यासंग करणाऱ्या मंडळींस तो दोष एवढ्यावर सोडून देतां येत नाहीं. पडक्या भिंतींतील एखादा दगड निरुपयोगी दिसतो. पण तो कोणत्या कमानीचा भार वाहत आहे हें पाहिल्यावांचून काढला तर कमान खालीं येते, आणि पाहून काढला तर तेथें नवी भिंत घालतां येते. हें पाहण्याचें काम जुन्या याद्या वाचणारांचें आहे, आणि तें अंदाजपत्रक करणारांनीं शिकून घेण्यासारखें आहे, एवढें सांगून हें विवेचन पुरें करितों.